‘किल्ल्यात राहू नका’ : एका सल्ल्याची चिकित्सा

संशोधनाची तयारी करणाऱ्या बहुतेकांची एक अडचण सारखीच असते. मार्गदर्शक सांगतात, ‘नुसता आढावा नको, चिकित्सा करा.’ आपण मान डोलावतो, खोलीवर येतो आणि पुन्हा तेच लिहितो : अमुक असं म्हणतो, तमुक तसं म्हणतो, आणि शेवटी ‘या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे.’ चिकित्सा म्हणजे नक्की काय करायचं, हे कोणी करून दाखवत नाही.

म्हणून आज एकच वाक्य घेऊया. ते कुठल्याही जड ग्रंथातलं नाही. राजस्थानला जायचं ठरवलंत आणि इंग्रजी गाइडबुक किंवा प्रवासलेख उघडलेत, की जैसलमेरच्या पानावर ते हमखास भेटतं : किल्ला जरूर बघा, पण किल्ल्यात राहू नका. मुक्काम खाली करा. कारण पर्यटकांच्या पाण्याने किल्ला खचतोय.

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! मलाही वाटलं होतं. इतकं, की मी ते माझ्या प्रकरणात सरळ विधान म्हणून घातलं : ‘पर्यटनामुळे जैसलमेरचा किल्ला खचत आहे.’ खाली चार संदर्भ. सहामाही प्रगती अहवालाच्या दिवशी आमच्या गाइड मॅडमनी (पीएच.डी.च्या गाइड, किल्ल्यावरच्या नव्हे) ते वाक्य पेन्सिलने गोल केलं आणि विचारलं, ‘हे चारही जण एकमेकांकडे बोट दाखवतायत. पाणी कुठल्या नळातून येतं आणि कुठे जातं, हे यांतल्या एकाने तरी सांगितलंय का गं?’

नव्हतं सांगितलं. पहिल्याने दुसऱ्याचा दाखला दिला होता, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि चौथा म्हणजे एक प्रवासलेख होता. त्या पेन्सिलच्या गोलामुळे माझं प्रकरण तीन महिने लांबलं. त्या तीन महिन्यांत जे शिकले ते इथे मांडते.

आधी जागा समजून घेऊ

जैसलमेरचा किल्ला भाटी राजपुतांच्या रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवला. त्रिकूट नावाची टेकडी, तिच्यावर पिवळ्या वालुकाश्माचा तट आणि ९९ बुरूज. ऊन कललं की सगळं सोन्यासारखं दिसतं. सत्यजित राय यांच्या १९७४ च्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटाने हे सोनं बंगाली घराघरांत पोहोचवलं. वर जाताना एकामागून एक चार दरवाजे लागतात : अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ. मग दशहरा चौक, राजवाडा, कोरीव जैन मंदिरं, लक्ष्मीनाथाचं मंदिर. पटवांच्या हवेल्या, सालिमसिंहाची हवेली आणि नथमलची हवेली किल्ल्याखालच्या गावात आहेत.

पण या किल्ल्याची खरी ओळख वेगळी आहे. इथे माणसं राहतात. काही हजार माणसं पिढ्यान्‌पिढ्या तटाच्या आत नांदतात. सकाळी दूधवाला येतो, गल्लीत गाय आडवी बसलेली असते, वाळत घातलेल्या साड्यांखालून वाकून तुम्ही मंदिराकडे जाता. रायगडावर आपण उभे राहतो ते रिकाम्या जोत्यांपुढे. इथे जोत्यावर घर आहे, घरात चूल आहे. म्हणूनच पर्यटनाच्या भाषेत याला ‘जिवंत किल्ला’ म्हणतात. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांचा गट जागतिक वारसा यादीत आला, त्यात हा एक.

त्याआधी मात्र तो एका वेगळ्याच यादीत होता. जगभरच्या धोक्यातल्या वास्तूंची यादी काढणाऱ्या ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने १९९६, १९९८ आणि २००० अशी तीनदा त्याची नोंद घेतली. ब्रिटनमध्ये ‘जैसलमेर इन जेपर्डी’ नावाची संस्थाही उभी राहिली. आपलं वाक्य जन्माला आलं ते याच काळजीतून.

चिकित्सेची पहिली पायरी : समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडा

नवशिके इथेच घसरतात. चिकित्सा म्हणजे चुका काढणं असं समजून दुसऱ्या परिच्छेदातच तलवार उपसतात. थांबा. आधी या सल्ल्यामागचा युक्तिवाद नीट उभा करूया.

टेकडी एकसंध कातळाची नाही. वालुकाश्म आणि त्यात चिकणमातीचे मऊ थर अशी तिची घडण. कोरडी असेपर्यंत ती शतकानुशतकं भार पेलते. पूर्वी पाणी येई ते खालच्या गडीसर तलावातून आणि विहिरींतून, घागरी भरभरून, डोक्यावरून. एवढ्या कष्टाने वर आणलेलं पाणी कोणी सांडत नाही. मग नळ आले. पाणी भरपूर येऊ लागलं, पण ते बाहेर नेणारी व्यवस्था त्या प्रमाणात सुधारली नाही. सांडपाणी गळतं, जमिनीत मुरतं, मऊ थर भिजतात, पाया ढिला होतो. १९९० च्या दशकात बुरूज आणि तटाचे भाग कोसळले ते याच मार्गाने, असं जाणकारांचं म्हणणं.

आता यात लॉज आणि गेस्ट हाऊस घाला. प्रत्येक खोलीला न्हाणीघर, फ्लश, गरम पाण्याचा शॉवर, रोजच्या चादरी. म्हणजे आधीच न पेलणाऱ्या टेकडीवर आणखी पाणी. तेव्हा पाहुण्याने निदान खाली झोपावं. खर्च काही नाही, गैरसोय नाही, आणि खालच्या हॉटेलच्या गच्चीवरून किल्ला उलट जास्त छान दिसतो.

युक्तिवाद भक्कम आहे. पाणी आणि पाया यांचा संबंध मी नाकारत नाही, नाकारूही शकत नाही. प्रश्न पुढे आहे.

आकडा दिसला की विचारा : कोणाचा, आणि कशाच्या तुलनेत?

या विषयावरच्या इंग्रजी लेखनात एक आकडा वारंवार येतो : दरडोई रोज १२० लिटर पाणी. जुन्या गटारांच्या क्षमतेच्या बारापट, असंही सोबत लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच तासभर शॉवरखाली उभा असलेला गोरा पाहुणा येतो.

आता दुसरा आकडा घ्या. आपल्याकडे शहरांच्या पाणीयोजना आखताना केंद्राची जी नियमावली वापरतात, तिच्यात भुयारी गटार असलेल्या साध्या शहरासाठी दरडोई रोज १३५ लिटर धरतात. चैनीसाठी नाही हं. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, कपडे, भांडी, संडास या साध्या नागरी गरजांसाठी.

म्हणजे भयंकर म्हणून सांगितलेला १२० हा आकडा सरकारी सर्वसाधारण प्रमाणापेक्षाही कमी आहे! वाळवंटातल्या एका घरातल्या आजीला नळाचं पाणी मिळालं, घरात संडास आला, सुनेची घागर सुटली, की आकडा तिथे जवळपास पोहोचतोच. मग ‘बारापट’ हा शब्द पाहुण्याच्या उधळपट्टीबद्दल सांगतो की गटाराच्या तोकडेपणाबद्दल? अंश मोठा झाला म्हणून गुणोत्तर वाढलं, की छेद मुळातच इवलासा होता? गुणोत्तर दिसलं की दोन्ही मजले तपासा. ही सवय आत्ताच लावून घ्या, प्रबंधात फार कामाला येते.

पण थांबा, न्याय दोन्हीकडे हवा. हॉटेलच्या खाटेमागे रोजचं पाणी साधारण १८० लिटर धरण्याची भारतीय मानकांत पद्धत आहे. म्हणजे पाहुण्याला घरच्या माणसापेक्षा जास्त लागतं, हे मान्यच. समजा एका घरात सहा माणसं आहेत, तर १३५ च्या हिशेबाने ८१० लिटर झाले. त्याच घराने दोन खोल्या भाड्याने दिल्या आणि चार पाहुणे आले, तर ७२० लिटर आणखी. जवळपास दुप्पट! या घरापुरता सल्ला अगदी बरोबर ठरतो.

आता घरावरून नजर उचलून पूर्ण किल्ल्याकडे न्या. समजा आत ३००० माणसं राहतात. त्यांचे रोजचे ४,०५,००० लिटर. पाहुण्यांचं पाणी याच्या बरोबरीला यायला किती पाहुणे लागतील? भागून बघा : २२५०. तेही रोज, बारा महिने, मे महिन्याच्या भट्टीतसुद्धा. घराच्या पातळीवर खरी असलेली गोष्ट किल्ल्याच्या पातळीवर तितकीच खरी असेल, हे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी खाटा मोजाव्या लागतात, त्यांतल्या वर्षभरात किती भरतात ते बघावं लागतं. माझ्या चारही संदर्भांत खाटांचा आकडा नव्हता. लिटर होते, बुरूज होते, सोनेरी संध्याकाळ होती. खाटा नव्हत्या.

(वरचे आकडे मानकांचे आहेत, प्रत्यक्ष मोजणीचे नाहीत. हिशेब कसा मांडायचा एवढंच त्यातून दाखवायचं होतं. असा हिशेब प्रबंधात ‘निष्कर्ष’ म्हणून घालाल तर मॅडम पुन्हा पेन्सिल काढतील.)

निमित्त आणि कारण

मराठीत आपल्याकडे दोन सुंदर शब्द आहेत आणि संशोधनात आपण ते वापरत नाही : निमित्त आणि कारण. आजोबा गेले ते तापाचं निमित्त होऊन. कारण वेगळं, वर्षानुवर्षांचं.

ऑगस्ट २०२४ मध्ये जोरदार पावसानंतर या किल्ल्याच्या भिंतीचा एक भाग ढासळला. ऑगस्ट म्हणजे पर्यटकांचा हंगाम नाही. गर्दी असते ती ऑक्टोबर ते मार्च. तेव्हा कोणी म्हणेल, ‘बघा, पाहुणे नसताना पडलं, म्हणजे पाहुण्यांचा संबंध नाही!’ मीही पहिल्यांदा असंच लिहिलं, आणि ते वाक्यही कापलं गेलं. कारण मुरलेलं पाणी लगेच निघून जात नाही. वर्षभर पाया भिजत राहतो, ते कारण. पावसाची सर येते, ते निमित्त. पडण्याचा महिना बघून फक्त निमित्त कळतं.

तसंच उलट बाजूने. जैसलमेरला वर्षाचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही चार-दोन सरींत कोसळतो. अशा गावात पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळी, उतार, नाल्या साफ आहेत का, त्यांवर कोणी पायरी किंवा ओटा बांधलाय का, हे बघितल्याशिवाय सगळा दोष शॉवरवर टाकणं म्हणजे दिसलेल्या पहिल्या माणसाला चोर म्हणून धरण्यासारखं आहे.

मग वेगळं काढायचं कसं? साधी तुलना सुचवते. एक, हंगामात आणि हंगामाबाहेर त्याच भिंतींतला ओलावा मोजायचा. दोन, पाहुणे ठेवणारी घरं आणि न ठेवणारी घरं, एकाच उतारावरची, शेजारीशेजारी घ्यायची. तीन, गटार कुठे फुटलंय त्याचा नकाशा आणि भेगा कुठे आहेत त्याचा नकाशा एकमेकांवर ठेवायचा. भेगा खाटांच्या मागे जातात की गटाराच्या मागे, हे तिसरा नकाशा सांगेल. यांतलं एकही काम प्रयोगशाळेतलं नाही. चपला झिजवायचं आहे.

दोन मथळे, एक घर

आता वाक्य ठेवूया बाजूला आणि ते छापलं जातं ती मांडणी बघूया. मजकुराइतकीच मांडणीही बोलते.

प्रत्येक गाइडबुकात दोन मथळे असतात : ‘पाहण्यासारखी ठिकाणं’ आणि ‘राहण्याची ठिकाणं’. पहिल्यात किल्ला. दुसऱ्यात हॉटेलं. जणू पाहायची वस्तू एक आणि राहायची जागा दुसरी. रायगड किंवा दौलताबादला हे चालून जातं. जैसलमेरला नाही चालत, कारण इथे जे पाहायचं तेच कोणाचं तरी राहतं घर आहे. दोन मथळ्यांमुळे तिसरा माणूस, म्हणजे जो पाहतही नाही आणि उतरतही नाही, नुसता राहतो, तो पानावरून गायबच होतो.

आणि मग गंमत होते. एका पानावर ‘जिवंत किल्ला’ म्हणून कौतुक, आणि पुढच्या पानावर जिवंत माणसं पाणी वापरतात याचं दुःख.

दिवसभर फक्त पाहणाऱ्याचं पाणीही या मांडणीत हिशेबात येत नाही. माझंच सांगते. पहिल्यांदा मी गेले ती आईबाबांबरोबर, दिवाळीच्या सुट्टीत, सात दिवसांच्या राजस्थान सहलीत. उतरलो होतो खाली, किल्ला दिसणाऱ्या हॉटेलात, आणि मी सल्ला पाळल्याच्या समाधानात होते. पण सकाळचा चहा वर, दुपारचं जेवण तटावरच्या गच्चीत, संध्याकाळी पुन्हा कॉफी, दोनदा स्वच्छतागृह. आमची ताटं धुतली गेली ती वरच, हात धुतले ते वरच. फक्त झोपायला खाली. सल्ल्याच्या हिशेबात मी निर्दोष! दुसऱ्या रात्री आम्हाला समच्या वाळूतल्या तंबूंत नेलं. तिथेही आंघोळीला पाणी लागलंच. किल्ल्यावरचा भार हलतो, वाळवंटावरचा हलत नाही. ‘कुठे राहायचं’ याचं उत्तर देताना आपण कोणता भार मोजतोय हे आधी ठरवावं लागतं.

‘पूर्वीचे लोक किती शहाणे!’

दुसरा सापळा गोड आहे, म्हणून जास्त धोक्याचा. अनुपम मिश्र यांचं ‘आज भी खरे हैं तालाब’ (१९९३) हे हिंदी पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. नसेल तर जरूर वाचा. जैसलमेरच्या गडीसरबद्दल, वाळवंटातल्या पाणी साठवण्याच्या शहाणपणाबद्दल त्यात फार प्रेमाने लिहिलंय. मी ते वाचून भारावले आणि माझ्या मसुद्यात एक वाक्य आलं : ‘पूर्वी लोक पाणी जपून वापरत, म्हणून किल्ला टिकला.’

खोटं नाही. पण अर्धं आहे. पाणी जपून वापरलं जाई कारण ते वर आणावं लागे. वर आणत कोण होतं? बायका. डोक्यावर घागर, पायाखाली तापलेले दगड, चार दरवाजांची चढण. त्या बचतीची किंमत त्यांच्या मानेने आणि गुडघ्यांनी भरली. दुसऱ्या खेपेला एका घरातल्या वयस्क बाईंना मी मोठ्या उत्साहाने विचारलं, जुने दिवस चांगले होते ना? त्या हसल्या आणि म्हणाल्या, नळ आला तो दिवस चांगला होता.

हा किस्सा पुरावा म्हणून देत नाहीये. पण त्याने माझा प्रश्न बदलला. ‘लोकांनी पुन्हा कमी पाणी कसं वापरावं?’ याऐवजी ‘लोकांनी माणसासारखं पाणी वापरलं तरी टेकडी कोरडी कशी राहील?’ पहिला प्रश्न माणसाला दोषी धरतो. दुसरा गटाराला विचारतो.

सल्ला कोण देतं, कोणाला देतं, भरतं कोण?

गाइडबुक बोलतं पाहुण्याशी. नगरपालिकेशी नाही, पुरातत्त्व खात्याशी नाही, पाणीपुरवठा विभागाशी नाही. पाहुण्याच्या हातात काय आहे? कुठे उतरायचं एवढंच. म्हणून लेखक त्याला जे सांगता येण्यासारखं आहे तेच सांगतो. यात लबाडी नाही. पण हळूहळू होतं असं, की जे वाचकाला करता येण्यासारखं आहे तेच ‘कारण’ वाटायला लागतं. आम्ही खाली झोपलो, आमचं कर्तव्य संपलं. आणि ज्या नळाचा आणि गटाराचा प्रश्न सार्वजनिक पैशाने सुटायला हवा, तो खाजगी पुण्याचा विषय होऊन बसतो.

आणि किंमत? मोठं हॉटेल खाली नवी इमारत बांधू शकतं. किल्ल्यातल्या दोन खोल्यांच्या घराला तो मार्ग नाही. किल्ला राष्ट्रीय संरक्षित स्मारक. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. घराची डागडुजी करायची तरी परवानगीचे कागद. म्हणजे गळकं न्हाणीघर दुरुस्त करणं अवघड, आणि ते गळतं म्हणून पाहुणे येऊ नयेत, असा दुहेरी पेच. ज्यांच्याकडे मी बोलले त्या घरमालकाचं म्हणणं होतं, की पाहुणे बंद झाले तर मुलं खाली जातील, आणि वरची घरं दुकानांना जातील. अर्थात त्याचा यात स्वार्थ आहे, आणि ते माझ्या टिपणवहीत त्याच्या वाक्याशेजारीच लिहिलंय. पण स्वार्थ आहे म्हणून म्हणणं चूक ठरत नाही. तपासायचं ठरतं. सल्ला देणाऱ्यांचं म्हणणंही आपण तसंच तपासतोय ना?

मग माझं वाक्य आता काय झालं?

प्रकरणात आता असं आहे : ‘किल्ल्यातील सांडपाणी व पावसाचे पाणी टेकडीत मुरणे हे पाया कमकुवत होण्याचे प्रमुख कारण मानले जाते, वाढत्या पाणीवापरात रहिवासी, मुक्कामी पाहुणे आणि दिवसभराचे पर्यटक या तिघांचा वाटा वेगळा मोजल्याशिवाय पर्यटनाला त्यातील किती भाग द्यायचा हे ठरवता येत नाही.’

लांबलचक आहे, रूक्ष आहे, गाइडबुकात कोणी छापणार नाही. पण यातला प्रत्येक शब्द मला कमिटीपुढे उभं राहून सांभाळता येतो. आणि मुख्य म्हणजे या वाक्यातून पुढचं काम निघतं. आधीच्या वाक्यातून फक्त हळहळ निघत होती.

तर सल्ला टाकून द्यायचा का? नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. ‘किल्ल्यात राहू नका’ ही खबरदारी म्हणून वाजवी आहे. आजारी माणसाच्या छातीवर वजन ठेवू नये, त्यासाठी आजाराचं निदान पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही. पण ‘पाहुणे राहतात म्हणून किल्ला खचतो’ हे निदान म्हणून अपुरं आहे. खबरदारी पाळायला पुरावा थोडा चालतो. दोष द्यायला जास्त लागतो. माझ्या मूळ वाक्यात मी खबरदारीच्या भांडवलावर दोष विकत घेतला होता.

दुसऱ्या खेपेला मी कुठे राहिले, हे तुम्ही विचारालच. चार रात्री खाली, दोन रात्री वर. वरच्या दोन रात्री बादलीने आंघोळ केली आणि ते पाणी कुठे जातं ते बघत बसले. न्हाणीघराच्या मोरीतून नळी निघाली होती, भिंतीबाहेर आली होती आणि गल्लीतल्या फरशीखाली गेली होती. तिथून पुढे कुठे, हे घरात कोणालाच सांगता आलं नाही. माझ्या सगळ्या क्षेत्रकार्यातली सगळ्यात कामाची नोंद तीच ठरली.

तुमच्यासाठी गृहपाठ

आपल्याकडेही असा एक नांदता किल्ला आहे : पन्हाळा. तिथे वस्ती आहे, नगरपरिषद आहे, हॉटेलं आहेत, शनिवार-रविवारी कोल्हापूरची गाड्यांची रांग आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारसा यादीत गेला. आता त्याच्याबद्दल वाक्यं तयार होतील : पर्यटनामुळे पन्हाळा असा झाला, तसा झाला. पन्हाळ्याचा जांभा आणि बेसाल्ट म्हणजे जैसलमेरचा वालुकाश्म नव्हे, पावसाचं मान तर कितीतरी पट. तेव्हा जैसलमेरचं उत्तर तिथे चालणार नाही. प्रश्न मात्र चालतील.

असं एखादं वाक्य भेटलं की वहीत पाच ओळी लिहा. एक : यात खबरदारी किती आणि निदान किती? दोन : आकडा असेल तर तो कोणाचा आणि कशाच्या तुलनेत? तीन : हे घराच्या पातळीवर खरं आहे की गावाच्या? चार : निमित्त कोणतं, कारण कोणतं? पाच : हे वाक्य खरं मानलं तर किंमत कोण मोजेल, आणि त्याला कोणी विचारलंय का?

पाचही ओळी भरल्या तर तुमची चिकित्सा झाली. एखादी रिकामी राहिली तर तिथे तुमचा संशोधन प्रश्न असण्याची शक्यता मोठी. आणि एकही भरता आली नाही, तर सिनॉप्सिस जमा करायच्या आधी एक एसटी पकडा आणि पाणी कुठे जातं ते बघून या.